अगंबाई, आज होतं होय?

पाय गळून जाण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात ठरलेले असतात. डोळ्यांदेखत सुटलेली बस, पाहुणे पानावर बसलेले असताना संपलेला गॅस, लग्नाच्या कार्यालयात पोचल्यावर आठवलेलं घरी राहिलेलं आहेराचं पाकीट. या यादीत मी माझ्या अनुभवानं एक भर घालते. महिना एप्रिलचा असावा, दुपारचे साडेतीन वाजलेले असावेत, दोन्ही हातांत डब्यांनी भरलेल्या दोन ढब्बू पिशव्या असाव्यात, तीन जिने चढून तुम्ही बेल दाबावी, आणि दार उघडणाऱ्या बाईनं तोंडावर हात ठेवून म्हणावं, "अगंबाई, आज होतं होय?"

हे चार शब्द मी सहा वर्षं ऐकले.

तर मी डबे विकत असे. दुकानात बसून नव्हे. दुकान असतं तर गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं असतं आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती. आमची पद्धत निराळी. एखाद्या बाईच्या घरी आठ-दहा बायका जमवायच्या, मधे सतरंजी अंथरायची, तिच्यावर प्लास्टिकचे हवाबंद डबे मांडायचे, झाकण कसं लावायचं, कोपरा उचलून हवा कशी काढायची, पाण्यानं भरलेला डबा उलटा धरला तरी थेंब कसा सांडत नाही, हे सगळं हसतमुखानं दाखवायचं आणि ऑर्डरी लिहून घ्यायच्या. याला कंपनीच्या भाषेत 'पार्टी' म्हणत. आमच्या पुण्यात पार्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोडा आणि खारे दाणे येत, म्हणून आम्ही नुसतं 'डेमो' म्हणत असू. जिच्या घरी डेमो ती 'होस्टेस'. हा शब्द मी 'यजमानीण' असा बदलून घेतला, कारण होस्टेस म्हटलं की बायकांना विमान आठवे. विक्री चांगली झाली की यजमानिणीला एक डबा भेट, आणि मला शंभरामागे वीस-पंचवीस रुपये. आमच्या कंपनीचं नाव सांगत नाही. माझं भांडण कंपनीशी नाहीच.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. अर्ल टपर नावाच्या गृहस्थानं तिथं १९४०च्या दशकात असे डबे बनवले. रंगाच्या डब्याचं गच्च बसणारं झाकण पाहून त्याला आपल्या झाकणाची कल्पना सुचली, असं सांगतात. डबा उत्तम होता, फक्त खपत नव्हता. दुकानात बाई तो हातात घेई, झाकण नीट बसेना म्हणून ठेवून देई. कुणीतरी समोर बसून दाखवायला हवं होतं. ते ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं दाखवलं. नवऱ्यापासून वेगळी झालेली, एका मुलाला एकटीनं वाढवणारी बाई. घराघरांत बायका जमवून तिनं डबे इतके खपवले की १९५१ साली टपरसाहेबांनी माल दुकानांतून काढूनच घेतला आणि विक्रीची सगळी सूत्रं तिच्या हाती दिली. १९५४ साली 'बिझनेस वीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचं छायाचित्र झळकलं. त्या जागी आलेली ती पहिली बाई. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एवढंच सांगितलं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. १९५८ साली त्याच बाईला वर्षभराचा पगार हातावर ठेवून घरी बसवलं आणि त्याच वर्षी टपरसाहेबांनी कंपनी विकून टाकली, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. टाळ्या परत घेता येत नाहीत.

टपरवेअर आपल्याकडे आलं १९९६ साली. त्याच्या मागेपुढे मध्यमवर्गात घरगुती विक्रीचं वारंच शिरलं होतं. कुणी लिपस्टिक विकत होतं, कुणी साबण, कुणी पातेल्यांचे संच. मी या वाऱ्यात सापडले ती १९९७च्या मे महिन्यात. ह्यांच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला होता, थोरला बारावीला होता, आणि शेजारच्या वहिनींनी आग्रह केला म्हणून मी त्यांच्याकडच्या डेमोला गेले होते. डेमो करणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला हे काम करायला आवडेल?" त्याच वेळी मी पंखा जरा वाढवायला सांगण्यासाठी हात वर केला. पुढचं काही माझ्या हातात राहिलं नाही.

ट्रेनिंग मुंबईहून आलेल्या एका मॅनेजर मॅडमनी दिलं. त्यांचा सिद्धांत असा की यजमानीण हा डेमोचा कणा असतो. कणा ताठ तर डेमो ताठ. म्हणून आठ दिवस आधी तिच्याकडून पाहुण्यांची यादी करून घ्यायची. जितक्या बायका याव्यात असं वाटतं त्याच्या दुपटीला बोलवायला सांगायचं. तीन दिवस आधी फोन करायचा, आदल्या दिवशी पुन्हा करायचा. आणि खायला फार करू द्यायचं नाही. यामागे मोठं शास्त्र होतं. एकीनं पाच पदार्थ केले की बाकीच्यांना वाटतं आपल्याकडे डेमो ठेवला तर आपल्यालाही पाच करावे लागणार, आणि पुढचं बुकिंग मिळत नाही. हा शेवटचा नियम पुण्यात इतका काटेकोर पाळला गेला की काही घरी मी पाणीसुद्धा बरोबर नेत असे.

बाकीचे नियम मात्र पहिल्याच महिन्यात कोसळले.

पहिली यजमानीण सहकारनगरातली. आठ दिवस आधी यादी केली होती, तीन दिवस आधी फोन केला होता, आदल्या दिवशीही केला होता. दार उघडलं तर समोर हॉलभर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यांवर उडदाचे पापड वाळत पडलेले. आठ बायका पोळपाट-लाटणी घेऊन गोल बसलेल्या. "अगंबाई, आज होतं होय? मी म्हटलं पुढचा मंगळवार." मी पिशव्या खाली ठेवणार तर पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात एका काकूंनी सरकून जागा केली आणि एक पोळपाट माझ्यापुढे लोटला. "आलीच आहेस तर दहा लाट. उभी काय राहतेस?"

मी दीड तास पापड लाटले. तेलात बुडवून लाट्या खाल्ल्या. शेवटच्या पापडाला कुणीतरी म्हणालं, "एवढे केले खरे, पण पावसाळ्यात सर्दावतात मेले." मी हळूच पिशवीतून मोठा डबा काढला. मॅनेजर मॅडमनी शिकवलेली चाळीस मिनिटांची बडबड करावीच लागली नाही. आठ बायकांनी सहा डबे लिहिले. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "यजमानिणीनं तयारी केली नव्हती तेच बरं झालं." हे अनुमान चुकीचं होतं. पहिल्या यशावरून काढलेली अनुमानं बहुधा चुकीचीच असतात.

दुसरा प्रसंग हळदीकुंकवाचा. संक्रांतीनंतरची गोष्ट. कोथरूडच्या एका हुशार वहिनींनी विचार केला की डेमो म्हटलं तर बायका येणार नाहीत, हळदीकुंकू म्हटलं तर रथसप्तमीपर्यंत कुणी नाही म्हणत नाही. तेव्हा त्यांनी बोलावलं हळदीकुंकवाला आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी टेबलावर पांढरंशुभ्र कापड घालून डबे सुरेख मांडले आणि हात धुवायला आत गेले. बाहेर येते तो बायका कुंकू लावून, तिळगूळ घेऊन, टेबलावरचा एकेक डबा उचलून निघालेल्या. त्यांची काय चूक? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टेबलावर मांडलेली वस्तू म्हणजे वाणच. जाता जाता एकजण यजमानिणीला म्हणालीसुद्धा, "कित्ती छान वाण दिलंत हो! नाहीतर आमच्या मजल्यावर यंदाही गाळणीच."

मी जिन्यावरून धावले. साडी नेसून, हातात ऑर्डरबुक घेऊन, कुंकू लावलेल्या सवाष्णींच्या मागे "अहो, तो तीनशेचा आहे!" असं ओरडत धावणारी बाई त्या सोसायटीनं पहिल्यांदाच पाहिली असेल. चौघींनी पैसे दिले, तिघींनी डबे परत केले, आणि पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई डबा पदराआड घेऊन ज्या गेल्या त्या गेल्या. पुढे कधी रस्त्यात भेटल्या की त्याच मला विचारत, "काय हो, काही नवीन आलंय का?"

तिसरा प्रसंग तारखेनिशी आठवतो. २४ एप्रिल १९९८, शुक्रवार. ही तारीख मी यजमानिणीच्या सोयीनं घेतली. त्या दिवशी सचिन तेंडुलकरचा वाढदिवस आहे, शारजात ऑस्ट्रेलियाशी अंतिम सामना आहे आणि दोनच दिवसांपूर्वी वाळूच्या वादळात त्यानं शतक ठोकलेलं आहे, यांतलं काहीही आम्हा दोघींच्या हिशेबात नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला पोचले तर हॉलमध्ये नऊ पुरुष बसलेले. घरातले चार, बाकी शेजारचे. ऑस्ट्रेलियाची फलंदाजी चालू होती आणि एकही माणूस पापणी हलवत नव्हता. वहिनी मला हाताला धरून स्वैपाकघरात घेऊन गेल्या आणि कुजबुजल्या, "घरात सांगायचं राहून गेलं हो. आता इथंच करू या का? हळू बोला मात्र."

मी ओट्यापुढे उभी राहून डेमो केला. पाच बायका फ्रीजला टेकून, दोन पिंपावर बसून, सगळ्या कुजबुजत. झाकण दाबल्यावर हवा निघण्याचा जो 'फुस्स' आवाज होतो, ज्यावर आमचा निम्मा धंदा चाले, तो मी त्या दिवशी पदराखाली काढला. मधे दोनदा बाहेरून चहाची ऑर्डर आली. माझी मात्र एकही लिहून झाली नाही. चहा करताना मीच आधण ठेवलं, मीच कपबशा विसळल्या. निघताना एका गृहस्थांनी टीव्हीवरची नजर न काढता मला विचारलं, "आणखी अर्धा कप मिळेल का?" रात्री सचिननं १३४ धावा काढल्या, भारत सहा गडी राखून जिंकला, पुणं रस्त्यावर आलं. मी लवकर झोपले.

असे प्रसंग वाढत गेले तसा माझा स्वभाव कडू होत गेला. पिशव्यांत डब्यांच्या जोडीला मी सतरंजी, पाण्याची बाटली, कागदी पेले, बिस्किटांचे दोन पुडे, चार पेनं आणि एक चार्जिंगची बॅटरी ठेवायला लागले. सगळं लूनावर घालून निघाले की ह्यांना वाटे मी माहेरी निघाले. "एवढं नेतेस," ते म्हणाले, "तर चार बायकापण बरोबर ने." घरी आले की मी तोफ डागे. काय या बायका! आठ दिवस हातात असतात, आठ माणसं बोलवता येत नाहीत? एक खोली आवरून ठेवता येत नाही? सासूबाई दिवाणावर बसून जपमाळ ओढत हे ऐकत असत. काही बोलत नसत.

मग ते चौथं घर आलं.

तिथं दार उघडलं आणि माझाच विश्वास बसेना. घर लखलखीत. टेबलावर घडी मोडलेला नवा टेबलक्लॉथ. झाकून ठेवलेले पोहे, शेजारी खोबरं-कोथिंबीर, आठ बशा, आठ चमचे, आठ पेले. मॅनेजर मॅडमच्या पुस्तकातून उतरलेली यजमानीण. मी डबे मांडले. चार वाजले. सव्वाचार झाले. कुणी येईना. मी म्हटलं, "वाट बघू या थोडी. येतील. बायकांना उशीर होतोच."

"कुणी नाही यायचं," ती म्हणाली. "मी बोलावलंच नाही."

मी बघत राहिले. ती टेबलक्लॉथचं टोक सारखं करत म्हणाली, "यांना विचारायचं राहिलं. म्हणजे राहिलं असं नाही, दोनदा विचारणार होते. आमच्याकडे विचारल्याशिवाय कुणाला बोलवत नाहीत. अकरा वर्षं झाली या घरात, यांच्या ओळखीचं येतं, सासरचं येतं, माझं म्हणून कुणी आलेलं नाही. तुम्ही म्हणालात तुमच्या घरी ठेवू या, तेव्हा मी हो म्हणून बसले. 'तुमच्या घरी' म्हणालात ना, म्हणून."

यावर काय बोलायचं हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं. मी एकटीसाठी पूर्ण डेमो केला. पाण्याचा डबा तिच्या मांडीवर उलटा धरला तेव्हा ती लहान मुलीसारखी किंचाळली आणि मग बराच वेळ हसली. आम्ही दोघींनी पोहे खाल्ले. तिनं सगळ्यांत लहान डबा घेतला आणि डाळीच्या डब्यातून दहा-दहाच्या नोटा काढून मोजून दिल्या. निघताना आठापैकी न वापरलेल्या सहा बशा ती पुन्हा कपाटात लावत होती.

त्या दिवशी लूना ढकलत ढकलत मी विचार केला. एक वर्ष मी यजमानिणींना एकच प्रश्न विचारत होते, "तयारी झाली का?" प्रश्नच चुकीचा होता. अमेरिकेतली पार्टी अमेरिकेतल्या बाईच्या बैठकीच्या खोलीत होत होती. आमच्याकडे बैठकीची खोली कुणाची? सकाळी ती वर्तमानपत्र वाचणाऱ्या मामंजींची, दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या सासूबाईंची, संध्याकाळी मुलांची, रात्री नवऱ्याची आणि बातम्यांची. घरच्या बाईची ती फक्त झाडू मारण्यापुरती. जी खोली आपली नाही ती आवरून कशी ठेवणार, आणि तिथं आठ माणसं कशाच्या जोरावर बोलावणार? "अगंबाई, आज होतं होय" हा विसराळूपणा नव्हता. पुष्कळदा ते सभ्य भाषेतलं "अजून परवानगी मिळाली नाही" असं होतं.

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. यादी वगैरे नंतर. आधी विचारायचं, "हॉल रिकामा कधी असतो?" आमच्या भागात गुरुवारी वीज नसे. वीज नाही म्हणजे टीव्ही नाही, टीव्ही नाही म्हणजे हॉलमध्ये माणूस नाही. माझे उत्तमोत्तम डेमो गुरुवारी, हातपंख्यानं वारा घेत झाले. दुसरं, पहिला फोन यजमानिणीला न करता तिच्या सासूबाईंना करायचा. "काकू, तुमच्याकडे डेमो ठेवायचा म्हणतेय, तुम्हाला कुठला दिवस बरा?" या एका वाक्यानं जे काम होई ते मुंबईच्या दहा नियमांनी झालं नसतं. सासूबाई स्वतः बायका जमवत. मी हे तंत्र पाच-सहाजणींना शिकवलंसुद्धा. माझी विक्री वाढली, मला एक घड्याळ बक्षीस मिळालं, आणि मॅनेजर मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक करता करता विचारलं, "बाय द वे, तुमच्या स्वतःच्या घरी किती डेमो झाले?"

मी घसा खाकरला. एकही नाही.

"मग या महिन्यात होऊन जाऊ दे! तुमच्या टीममधली नवी मुलगी येईल. तिलाही प्रॅक्टिस."

तारीख ठरली. सासूबाईंना सांगायचं एवढंच बाकी होतं. सोमवारी त्यांचा उपास होता, म्हटलं उद्या सांगू. मंगळवारी त्यांचं कंबर दुखत होतं. बुधवारी नणंदेचा फोन आला आणि त्या जरा गप्प होत्या. गुरुवारी वीज नव्हती. अंधारात असली गोष्ट कशी काढायची? शुक्रवारी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आई, भाकरी करू की पोळी?" दुसऱ्यांच्या सासवांना बिनधास्त फोन करणारी मी! शेवटी मी मनाशी ठरवलं की मुलीला फोन करून तारीख पुढे ढकलायची, आणि ठरवल्यामुळे इतकं हलकं वाटलं की फोन करायचा विसरून गेले.

शनिवारी दुपारी साडेतीनला बेल वाजली. मी केसांना तेल लावून, जुनं पातळ नेसून, माळ्यावरची पितळी भांडी काढून बसले होते. दारात आमच्या टीममधली नवी मुलगी. दोन्ही हातांत दोन ढब्बू पिशव्या, कपाळावर घाम, चेहऱ्यावर ट्रेनिंगमधलं हसू. माझा हात आपोआप तोंडावर गेला आणि मी म्हटलं,

"अगंबाई, आज होतं होय?"

मागून दिवाण कुरकुरला. सासूबाई वामकुक्षीतून उठून बसल्या होत्या. त्यांनी मुलीला आपादमस्तक न्याहाळलं, पिशव्या न्याहाळल्या, मग मला. "डबेवाली ना? ये गं, आत ये. पाणी पी आधी." आणि मला, "तू तेल पुसून ये. अशीच बसणारेस?" एवढं बोलून त्या गॅलरीत गेल्या आणि कठड्यावर हात ठेवून त्यांनी जो आवाज दिला तो मी माझ्या लग्नापासून ऐकला नव्हता. "अगं ए, या गं सगळ्या! आमच्या सुनेचे डबे आलेत. कामं राहू देत, संध्याकाळी होतील."

वीस मिनिटांत अकरा बायका. दिवाणावर चार, खाली सात. सासूबाई मधोमध. नव्या मुलीची जीभ टाळ्याला चिकटली तेव्हा पुढचा डेमो सासूबाईंनीच केला. "हे बघा, हा कोपरा असा उचलायचा, मग दाबायचं. ऐकलंत? ही हवा. हवा गेली की पुरी चार दिवस मऊ राहते." सगळं माझ्याच वाक्यांत. मी वर्षभर ह्यांच्यापुढे जी तालीम करत असे ती दिवाणावरून शब्दन् शब्द पाठ झालेली होती. त्या दिवसाची विक्री माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी सांगणारच होते तुम्हाला."

"सोमवारपासून बघतेय," त्या म्हणाल्या. "काहीतरी बोलायला येतेस आणि भाकरीचं विचारून जातेस. दुनियेच्या सासवांना फोन करतेस. घरातली दिसत नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोली आपली नाही असं मी इतक्या ठिकाणी ऐकलं होतं, की माझ्या घरी ती मागून तरी बघावी हे मला सुचलं नव्हतं. सगळ्याच घरी मागून मिळते असं मी म्हणणार नाही. त्या चौथ्या घरी मिळाली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्या घरी मी विचारलंच नव्हतं, आणि दोष देत होते दिवाणाला.

सासूबाईंनी गादीखालून वीस-वीसच्या नोटा काढल्या आणि साखरेचा एक उभा डबा विकत घेतला. कमिशन सोडते म्हटलं तर रागावल्या. मग म्हणाल्या, "दाभण तापव. याच्यावर नाव घाल."

आमच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर नाव आहे. मामंजींचं आहे, ह्यांच्या मुंजीचं आहे, नणंदेच्या बारशाचं आहे, एका वाटीवर तर चुकून राहून गेलेलं शेजाऱ्यांचं आहे. सासूबाईंचं कुठं नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी दाभण लाल करून त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढणार तोच त्यांनी हात धरला. "ते नव्हे. ते लग्नात ठेवलेलं. माझं घाल."

बावीस वर्षं एका घरात राहून मला त्यांचं माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं. तीन अक्षरी होतं, सुरेख होतं. इथं लिहीत नाही. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं, ते मी छापून कशाला टाकू? अक्षरं कोरताना मी नुसतं म्हटलं, "छान आहे हो नाव." तर त्या म्हणाल्या, "छान कसलं? अगं, प्लास्टिकचा डबा. शेजारी गेला की नावाशिवाय परत येतोय होय?"

पुढे काळ बदलला. २००३ साली मी काम सोडलं. सासूबाई गेल्या. ज्या टपरवेअरनं ही घरोघरची पद्धत रूढ केली त्या कंपनीनं २०२४च्या सप्टेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आता आमच्या सोसायटीतल्या मुली फोनवरच्या ग्रुपांवर साड्यांचे, मसाल्यांचे फोटो टाकतात. यजमानीण नको, सतरंजी नको, हॉल नको, कुणाची परवानगी नको. सोय आहे खरी. फक्त पापड लाटायला कुणी बसवून घेत नाही.

साखरेचा तो डबा अजून माझ्याकडे आहे. मधे त्यातून मी शेजारी चिवडा पाठवला, आठ दिवस परत येईना. माझा जीव टांगणीला. शेवटी शेजारीण घेऊन आली आणि दारातच डबा फिरवून बघत म्हणाली, "काकू, हा तुमचाच ना? वर कुणा दुसरीचंच नाव दिसतंय."

"आमच्याच घरचा आहे," मी म्हटलं, आणि तो हातात घेऊन झाकणाचा कोपरा उचलून हवा काढून टाकली. 'फुस्स' आवाज अजून खणखणीत येतो.